बारापेड्याची गुहा बघायची राहिली तर राहू द्या

एका ट्रेकिंग ग्रुपवर परवा मेसेज आला: "तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेचं लोकेशन टाका ना कुणीतरी." मी टाकू नका म्हटलं, तर लगेच उत्तर, "स्वतः जाऊन आलात, आता आम्हाला शहाणपण!" खरंय. गेलो होतो.

ही गुहा कर्नाटकात, बेळगावकडच्या भीमगड अभयारण्यात. ते जाहीर झालं २०११ मध्ये, त्याआधीची गोष्ट. खानापूरहून पहाटे निघालेले आम्ही पाच जण, वाट दाखवायला गावातले एक काका. आत शिरताच नाकात झोंबणारा वास, पायाखाली लेंड्यांचा मऊ थर. मी हौसेनं बॅटरी वर मारली. छताच्या खळग्यात गच्च दाटीनं बसलेली चॉकलेटी वाघळं, मानेमागे फिकट पट्टा, आणि टोपी डोळ्यांवर ओढावी तसे पुढे झुकलेले भलेमोठे कान. अख्खा घोळका एकदम सळसळला. काका दबक्या आवाजात म्हणाले, "बॅटरी बंद कर की रे! पिल्लं पडत्यात."

पडलं का एखादं, ते मी पाहिलं नाही. पाहायला पुन्हा बॅटरी लावावी लागली असती.

हे रॉटन्स फ्री-टेल्ड बॅट, म्हणजे मोकळ्या शेपटीचं वाघूळ. याच गुहेतल्या नमुन्यांवरून ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ ऑल्डफील्ड थॉमस यांनी १९१३ साली त्याची नोंद केली. पुढे कितीतरी दशकं ते जगात फक्त इथेच आहे असं मानलं जायचं. मग मेघालयात आणि कंबोडियात सापडलं. आपल्या वन्यजीव कायद्यात फळं खाणारी साधी वाघळं २०२२ च्या दुरुस्तीपर्यंत वर्षानुवर्षं कावळे-उंदरांच्या पंगतीला होती, उपद्रवी म्हणून. हे मात्र वाघाच्या बरोबरीनं पहिल्या अनुसूचीत. पण कागदावरचं संरक्षण गुहेच्या तोंडाशी उभं राहत नाही ना.

"गाइड घेऊन दहा-दहा जणांना सोडा" हा तोडगा मला पटत नाही. मादीला एका वेळी एकच पिल्लू होतं. एक हंगाम वाया गेला की भरून यायला किती वर्षं! लोखंडी गेट लावा म्हणणाऱ्यांनाही सांगतो, या जातीचे पंख लांब आणि अरुंद. ती सरळ, सुसाट उडतात, गजांमधून वळणं घेत निघणं त्यांना जमत नाही. अडवायचं तर माणसाला, आणि तेही खाली वाटेवरच.

माझ्याकडे त्या दिवसाचे तीन फोटो आहेत. कमेंटमध्ये मागू नका.