दादा, ब्रो, सर, सेलर

वापरलेलं सामान ऑनलाइन विकताना समोरचा माणूस आपल्याला काय हाक मारतोय यावरून व्यवहार कुठल्या स्टेजला आहे ते मला आता डोळे मिटून सांगता येतं. पैसे भरायच्या आधी मी दादा असतो, "दादा, शेवटचं किती?" पैसे भरले की ब्रो. बॉक्स पोचला, उघडला आणि काहीतरी वाजलं नाही की सर. आणि ज्या दिवशी मेसेज "सेलरने दिलेल्या माहितीनुसार" असा सुरू होतो त्या दिवशी समजायचं, डिस्प्यूट पडला, आता बसा पुरावे काढत.

म्हणजे मी काही दुकानदार नाही हो. वाजवायला वेळ मिळत नाही म्हणून सामान घेत सुटायचं हा जो आजार गिटारवाल्यांना असतो तोच मला आहे. मग कपाट उघडलं की पेडलं (गिटारचा आवाज बदलणारे, पायाने दाबायचे डबे) अंगावर येतात, बायको काही बोलत नाही, आधी कपाटाकडे बघते आणि मग माझ्याकडे बघते, तेवढ्यावर मी चार वस्तू विकायला काढतो.

पहिली गेली गिटार, तीन सिंगल कॉइल पिकअपवाली (पिकअप म्हणजे तारांचं कंपन पकडणारा भाग). तिसऱ्या दिवशी मेसेज, "सर गिटारमधून घूंऽऽ आवाज येतोय, फॉल्टी पीस आहे." आता सिंगल कॉइल म्हणजे शेवटी तारेचं वेटोळंच, ते घरातल्या विजेची ५०-६० हर्ट्झची घरघर पकडणारच, तो फॉल्ट नाही, स्वभाव आहे. याच घूंवर उपाय म्हणून गिब्सन या गिटार कंपनीच्या सेथ लव्हरने १९५५ साली हमबकर या दोन कॉइलवाल्या पिकअपच्या पेटंटसाठी अर्ज केला होता, म्हणजे ही तक्रार माझ्या जन्माआधीची आहे आणि तिचा निकालही तेव्हाच लागलाय. हे सगळं मी त्याला सविस्तर लिहिलं. त्याचं उत्तर एका ओळीचं, "पण लिस्टिंगमध्ये तुम्ही घूं लिहिलं नव्हतं." आता यावर काय बोलणार, नव्हतंच लिहिलं. शेवटी म्हटलं गिटार गळ्यात घाला, फिरत्या खुर्चीवर बसा आणि हळूहळू गोल फिरा, कुठेतरी घूं कमी होईल. पाच मिनिटांनी मेसेज, "दरवाजाकडे तोंड केल्यावर कमी होतंय." मिटलं. तो अजूनही दरवाजाकडे तोंड करून वाजवत असेल, घरच्यांना वाटत असेल कोणाची वाट बघतोय.

दुसरा कीबोर्ड. "पेडलवर पाय ठेवला की सूर तुटतो आणि पाय काढला की लांबतो, उलटा माल पाठवलाय." बऱ्याच कीबोर्डना अशी सवय असते की चालू होताना पेडल ज्या अवस्थेत असेल त्यालाच ते पाय वर आहे असं समजतात, आणि हा गृहस्थ पेडलवर आरामात पाय ठेवूनच बटण दाबत होता. पाय काढा, बंद करा, पुन्हा चालू करा. एवढ्यावर काम झालं, पण तोपर्यंत त्याने मला एक स्टार दिला होता आणि तो म्हणे बदलता येत नाही. तिसरा कंडेन्सर माइक, त्याला ४८ व्होल्टची फँटम पॉवर लागते, ती इंटरफेसवर, म्हणजे माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डब्यावर, बटण दाबून चालू करावी लागते. मी फक्त विचारलं, "फँटम चालू केलंत का?" तर म्हणाला भुताखेताचे विनोद नकोत, रिफंड द्या.

पण हे सगळे किरकोळ. खरी केस डिले पेडलची, म्हणजे वाजवलेला सूर प्रतिध्वनीसारखा पुन्हापुन्हा ऐकवणाऱ्या पेडलची.

पेडल चालू होतं, मी स्वतः तासभर वाजवून मगच पॅक केलं (विकायला काढलेली वस्तू अचानक फार छान वाजायला लागते, हा एक वेगळाच छळ आहे). लिस्टिंगमध्ये स्पष्ट लिहिलं होतं: ९ व्होल्ट, मधली पिन निगेटिव्ह, अ‍ॅडॉप्टर सोबत मिळणार नाही. चारही बाजूंनी फोटो, एका कोपऱ्यावरचा ओरखडा तर इतक्या जवळून काढला की तो नदीचं खोरं वाटत होता. पॅकिंगचा सलग व्हिडिओ केला, बायको मोबाइल धरून उभी, मी कॅमेऱ्याला सिरीयल नंबर दाखवतोय, ती म्हणाली लग्नाचं शूटिंग एवढ्या गंभीरपणे झालं नव्हतं.

चार दिवसांनी "ब्रो मिळालं 🙏". त्याच संध्याकाळी "सर लाइट लागत नाहीये."

मी शांतपणे विचारलं, अ‍ॅडॉप्टर ९ व्होल्टचाच आहे ना? त्याने फोटो पाठवला, ९ व्होल्ट दिसतंय, आणि त्याखाली जिथे पिनचं चिन्ह असतं तिथे बरोब्बर त्याचा अंगठा. मधली पिन निगेटिव्ह आहे का? "पिन सगळ्या सारख्याच असतात सर." केबल उजवीकडे लावली का, गिटार उजवीकडून आत जाते? "लावून बघतो." आणि गायब. दहा मिनिटांनी उगवला, "सॉरी नेट गेलं होतं. नाही चालत." दुसरा सॉकेट बघा म्हटलं. "बघतो." पुन्हा गायब, पुन्हा "सॉरी नेट गेलं होतं." असं चार वेळा झालं, आणि मला खरंच वाईट वाटायला लागलं, म्हटलं बिचाऱ्याकडे नेटची काय अवस्था आहे, आणि त्यात मी त्याला बंद पेडल पाठवलं की काय.

दुसऱ्या दिवशी मी सेलर झालो.

डिस्प्यूटमध्ये कारण निवडलं होतं "वस्तू वर्णनाप्रमाणे नाही". पैसे अडकले. मला पुरावे द्यायला तीन दिवस. मी चालू पेडलचा व्हिडिओ, पॅकिंगचा व्हिडिओ, कुरिअरच्या पावतीवरचं वजन, सगळं नावं देऊन, क्रमाने लावून दिलं, इतक्या टापटीपीने मी कधी ऑफिसचं काम केलं नाही. समोरून त्याचा पुरावा एकच, बंद पेडलचा फोटो. बंद पेडलचा फोटो आणि नुसत्या ठेवलेल्या पेडलचा फोटो यात फरक काय हे मी कळकळीने विचारलं. त्यावर साइटकडून "तुमची गैरसोय आम्हाला समजते" असं आलं, ज्याने लिहिलं तो माणूस होता की मशीन हे मला आजतागायत कळलेलं नाही, पण समजूत कोणाचीच घातली गेली नाही. निकाल त्याच्या बाजूने. वस्तू परत येणार, पोचल्याची नोंद झाली की पैसे आपोआप त्याला, परतीचं कुरिअर माझ्या खिशातून.

पेडल आलं. उघडताना पुन्हा व्हिडिओ, पुन्हा बायको, यावेळी काहीच बोलली नाही, ते जास्त लागलं. तळाला ही जाडजूड वेल्क्रोची पट्टी चिकटवलेली, म्हणजे त्याने पेडल इतर पेडलांसोबत बोर्डवर चिकटवायची पूर्ण तयारी केली होती, आणि ती पट्टी नेमकी सिरीयल नंबरवर. नखं तुटेपर्यंत खरवडली, नंबर माझाच निघाला. माझा अ‍ॅडॉप्टर लावला. लाइट लागला. गिटार लावली, एक तार छेडली आणि ती आठ वेळा परत आली, पैसे सोडून सगळं परत येत होतं.

रात्री झोप लागेना म्हणून अपील करायला जुनं चॅट वाचत बसलो. "लावून बघतो." नेट गेलं. "पुन्हा बघतो." नेट गेलं. तिसऱ्यांदा वाचताना मी ताडकन उठून बसलो. हा पठ्ठ्या राउटरचा अ‍ॅडॉप्टर काढून पेडलला लावत होता! राउटरवाल्याची मधली पिन सहसा पॉझिटिव्ह, म्हणजे बरोब्बर उलटी, आत उलटा करंट अडवणारा डायोड होता म्हणून पेडल नुसतं गप्प बसलं, नाहीतर जळून परत आलं असतं. मी बायकोला उठवून सांगितलं. ती म्हणाली, झोप.

अपीलची मुदत आदल्या दिवशीच संपली होती.

पेडल पुन्हा लिस्ट केलं. यावेळी मधली पिन निगेटिव्ह हे तीन वेळा लिहिलं, बाणाचं चित्र काढलं, ओरखड्याच्या जोडीला वेल्क्रोच्या डिंकाचाही फोटो टाकला. दोन आठवड्यांनी पहिला मेसेज आला. नाव ओळखीचं.

"दादा, हे अजून आहे का?"

मी बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसलो. मग लिहिलं, "आहे. अ‍ॅडॉप्टर घेतलात का?"

"आहे ना दादा, घरचाच आहे. थांबा, नंबर बघून सांगतो."

आणि ऑफलाइन गेला.