गुडघाभर पाण्यात पालथे

गुडघाभर पाण्यात पालथं पडायला माणसाला एरवी काहीतरी सबळ कारण लागतं. आमच्याकडे ते होतं. ओढ्यातले स्थानिक मासे त्यांच्या घरी जाऊन, त्यांच्या पातळीवर उतरून बघायचे, असं आमच्या गटाच्या म्होरक्यांनी ठरवलं होतं. निसर्गप्रेमींमध्ये भल्या पहाटे प्रसन्न असणाऱ्या माणसांची एक जात असते. म्होरके त्यातले.

हे करायचं स्नॉर्केलिंगनं, म्हणजे डोळ्यांवर मास्क, तोंडात श्वासाची नळी आणि तोंड पाण्यात. स्नॉर्केलिंग म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर निळा समुद्र, प्रवाळ आणि त्यातून अलगद तरंगत जाणारा मी, असं काहीसं आलं होतं. प्रवाळाचं नाव काढलं तेव्हा कळलं, की म्होरक्यांचा प्रवाळावर राग आहे. ‘समुद्रातल्या माशांचं कौतुक कोणीही करतं हो! नद्या, ओढे, तळी सगळं धरलं तरी पृथ्वीच्या पृष्ठभागाचा एक टक्का भरत नाही, आणि माशांच्या जवळपास निम्म्या जाती तिथं राहतात. कधी ढुंकून पाहिलंत त्यांच्याकडे?’ नव्हतं पाहिलं. ओढा ओलांडताना मी माझ्या बुटांकडे बघत असतो.

मग त्यांनी अमेरिकेतल्या टेनेसीचं उदाहरण दिलं. तिथं चेरोकी राष्ट्रीय वनातल्या कोनासॉगा नदीत चारचौघांसारखी माणसं तोंडात नळी धरून मासे बघायला उतरतात. तिकडच्या ओढ्यांमध्ये चब नावाचा मासा असतो. विणीच्या दिवसांत त्याचा नर तोंडात एकेक खडा धरून आणतो आणि हजारो खड्यांचा ढीग रचतो. ढीग तयार झाला, की दुसऱ्याच जातींचे मासे येऊन त्यात आपली अंडी घालून जातात. हे ऐकून आमच्यातले सोसायटीचे सेक्रेटरी एकदम गंभीर झाले. त्यांना तो मासा बघायचाच होता. तो इथं मिळत नाही म्हटल्यावर त्यांचा अर्धा उत्साह काठावरच मावळला.

पाण्यात शिरण्याआधी सामान धुवायचं असतं, ही माझ्यासाठी नवी माहिती होती. एका ओढ्याची बुरशी, शेवाळ नि रोगराई बुटांवरून दुसऱ्या ओढ्यात जाते. न्यूझीलंडमध्ये २००४ साली डिडिमो नावाचं परकं शेवाळ नदीत सापडलं, तेव्हापासून तिथं ‘तपासा, धुवा, सुकवा’ अशी मोहीमच आहे. म्होरक्यांनी आमच्या बुटांचे तळवे तपासले. अंगाला लावलेलं सगळं पाण्यात उतरतं, म्हणून सनस्क्रीनला बंदी. त्याऐवजी पूर्ण बाह्यांचे कपडे. एवढी अंतर्बाह्य शुद्धी करून झाल्यावर पुढची सूचना आली: ‘आता सगळ्यांनी मास्कमध्ये थुंका.’

काचेवर आतून थुंकी फिरवून विसळली, की तिच्यावर वाफेचे थेंब धरत नाहीत. शास्त्र पक्कं आहे. पण जन्मभर ‘येथे थुंकू नये’ वाचत वाढलेल्या माणसांना हे असं हुकमावरून जमत नाही. एक बाई झाडाआड गेल्या. सेक्रेटरी आधी मास्कला ‘सॉरी’ म्हणाले. गटातल्या दहा वर्षांच्या मुलीला मात्र हा कार्यक्रम फारच आवडला. तिनं स्वतःचा मास्क आटोपून इतरांना मदत करायची तयारी दाखवली.

माझी अडचण निराळी होती. मास्कची सिलिकॉनची कड नाकाखाली, ओठाच्या वर टेकते आणि तिथं माझी मिशी आहे. त्वचेवर कड घट्ट बसते, केसांवर बसत नाही. प्रत्येक केसाच्या बाजूनं पाणी आपली वाट काढतं. व्हॅसलिन लावून बघू का, असं मी विचारलं. सनस्क्रीनच्या वेळी जे डोळे वटारले गेले होते, तेच पुन्हा वटारले गेले. ‘कात्री आहे माझ्याकडे,’ म्होरके म्हणाले. मी गळती पत्करली. मास्कची वरची कड कपाळाशी दाबायची आणि नाकानं जोरात हवा सोडायची, म्हणजे आतलं पाणी खालून निघून जातं. हे मी दिवसभर करत होतो. दुरून बघणाऱ्याला वाटलं असेल, की हा मनुष्य पाण्यात पडून कपाळाला हात लावून शिंकरतोय. बरोबरच वाटलं असेल.

ओढ्यात चढावाच्या दिशेनं जायचं असतं. मासा तोंड वरच्या अंगाला करून उभा असतो, कारण त्याचं खाणं वरून वाहत येतं. आपण खालून, त्याच्या पाठीमागून गेलो तर तो बिचकत नाही, आणि आपण उडवलेला गाळही मागं वाहून जातो. एकट्या माणसासाठी हा सिद्धांत निर्दोष आहे. रांगेत दहा-बारा माणसं असली, की पहिल्याचा गाळ दुसऱ्याला, दोघांचा मिळून तिसऱ्याला, असं करत करत मागच्यांना अख्ख्या गटाचा गाळ मिळतो. मी शेवटून दुसरा होतो. मला जे दिसलं त्याला भूगर्भशास्त्र म्हणतात.

पोहण्याचा इथं काही संबंध नाही, हेही सांगून टाकतो. पाणी इतकं उथळ, की हात मारायला जावं तर बोटं दगडावर आपटतात. कोपरं टेकायची, एक दगड धरायचा, पोट आत घ्यायचं आणि अंग पुढं ओढायचं. ज्यांना पोट आत घेता येत नाही त्यांना प्रत्येक गोटा व्यक्तिशः भेटतो. त्यात पाणी शरीरातली ऊब हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगानं ओढून घेतं, त्यामुळे काठावर सुखद वाटलेला गारवा थोड्याच वेळात दातांपर्यंत पोहोचतो. तोंडात नळी असताना दात वाजले, की तो आवाज थेट मेंदूत ऐकू येतो.

‘उभं राहू नका!’ हा आवाजही मधूनमधून यायचा. पाण्यातून वर बघणाऱ्या माशाला बाहेरचं सगळं जग साधारण ९७ अंशांच्या एका गोल खिडकीत मावलेलं दिसतं आणि खिडकीपलीकडे पाण्याचा पृष्ठभाग आरसा होतो. त्या खिडकीत माणूस उभा राहिला, की मासे पसार. हे म्होरके आम्हाला उभं राहून, दोन्ही हात हलवत समजावत होते. आम्ही सगळे पालथे आणि वरून पाणी. तेव्हा त्या सूचनेचं जे व्हायचं ते झालं.

नियमाप्रमाणे प्रत्येकाला एक जोडीदार होता. माझ्या जोडीदाराचा चष्मा जाड भिंगांचा, आणि चष्म्यावर मास्क बसत नाही. पाण्याखाली सगळं मोठं दिसतं असं कोणीतरी सांगितल्यामुळे ते निर्धास्त होते. दिसतं खरं. पाण्यातून काचेमागच्या हवेत शिरताना प्रकाश वाकतो, म्हणून वस्तू एक तृतीयांशानं मोठी आणि पाव अंतरानं जवळ भासते. पण धूसर वस्तू मोठी झाली, की मोठी धूसर होते. म्होरक्यांचा आदेश होता, की प्रत्येकानं माशाची लांबी सांगताना पाव भाग वजा करूनच सांगावी. जोडीदारांनी विचारलं, ‘काहीच दिसलं नाही तर कशातून वजा करू?’

एवढ्यात काठावर एक आजोबा येऊन उभे राहिले.

‘काय हरवलंय?’

जोडीदारांनी नळी काढून सांगितलं, ‘हरवलं नाही काही. मासे बघतोय.’

‘मग? दिसले?’

‘अजून नाही.’

आजोबांनी काठी पुढं केली. ‘अहो, ते काय, तुमच्या पायांमागं ढिगानं आहेत की!’

होतेच. आम्ही दगड हलवून जो गाळ उडवत होतो त्यात किडे, अळ्या, शेवाळाचे तुकडे असं बरंच काही असतं, आणि ओढ्यातले मासे काही भोळे नसतात. पंगत कुठं बसली आहे हे हेरून ते आमच्या टाचांमागून चालले होते. आमचा गट मासे शोधत वर सरकत होता आणि मासे गटामागून जेवत येत होते.

पुढून एकदम आरोळी ठोकली गेली. कॅमेरावाल्या दादांना मासा सापडला होता, तोही शेपटीवर केशरी-निळे ठिपके असलेला. सगळे उठून धावले. म्होरक्यांनी पाण्यात डोकं घातलं, वर काढलं, आणि घरात पाल निघावी तशा आवाजात म्हणाले, ‘गप्पी!’ मूळ दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातला. डासांच्या अळ्या खाईल म्हणून जगभर सोडला, आणि जिथं सोडला तिथं संसार मांडून बसला. तो आजच्या स्थानिक माशांच्या यादीत येणार नाही. ‘पण दिसला ना!’ दादांचा आवाज रडवेला झाला. त्या मुलीनं लिहायच्या पाटीच्या मागच्या बाजूला गप्पीचं नाव लिहिलं. मला ती पुढं न्यायाधीश झालेली आवडेल.

मी धावलो नाही. याचं श्रेय माझ्या संयमाला देऊ नये. माझ्या पोटरीत गोळा आला होता. एका मोठ्या दगडाला धरून मी तसाच पडून राहिलो. गट दूर गेला, गाळ बसला, मिशीनंही गळती जरा आवरली. आणि नाकासमोरच्या दगडाचा एक तुकडा हलला.

तो गारा नावाचा मासा होता. बोटभर, पाव वजा करून. रंग दगडाचाच. खालच्या ओठामागं चकतीसारखा भाग असतो, तो टेकवून धो धो प्रवाहात हा पठ्ठ्या निवांत बसलेला. थोडा सुटायचा, हातभर मागं ढकलला जाण्याऐवजी जेमतेम नखभर सरकायचा, पुन्हा चिकटायचा आणि ओठांनी शेवाळ खरवडत पुढं जायचा. त्यानं खरवडलेल्या जागी दगडावर फिकट पट्टा उमटत होता. खाली वाळूत, ओठांभोवती मिशा असलेला एक लोच नावाचा मासा होता. तोंडभर वाळू घ्यायची, हवं ते ठेवायचं आणि बाकीची कल्ल्यांतून सोडायची, असं त्याचं चाललं होतं. त्याच्या मिशांमुळे त्याचं काही अडत नव्हतं, याची मी नोंद घेतली. मग गाऱ्यानं दगड संपवून माझ्या बोटाकडे मोर्चा वळवला आणि नखाच्या कडेला टोचून पाहिलं. तुर्कस्तानात कंगालच्या गरम झऱ्यांतले याचे भाऊबंद माणसांची कातडी टोचतात म्हणून प्रसिद्ध आहेत, आणि लोक त्यासाठी पैसे मोजतात. मला हे फुकटात मिळत होतं आणि मी गुदगुल्या आवरत नळीतून हसत होतो. नळीतून हसता येत नाही. पाणी आत येतं.

संध्याकाळी काठावर हिशेब झाला. कॅमेऱ्यात बहुतेक करून माणसांच्या टाचा निघाल्या. मी गारा सांगितला, लोच सांगितला, लांब्या पाव वजा करून सांगितल्या. म्होरक्यांनी पेन्सिल उचलली आणि थांबले. नोंदीला जोडीदाराची साक्ष लागते.

‘तुम्ही पाहिलात गारा?’

जोडीदारांनी माझ्याकडे पाहिलं, चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला, ओढ्याकडे पाहिलं.

‘काहीतरी चपटं होतं खरं,’ ते म्हणाले. ‘पण ते यांचं बोटही असू शकेल.’

म्होरक्यांनी पाटी उलटी केली आणि गप्पीच्या खाली गारा लिहिला.