केस पिकलेत म्हणून समुपदेशक चांगला, असं नसतं

रामबागेतल्या आमच्या मंडळाच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: 'डिप्रेशन असेल तर वीस वर्षं अनुभव आणि मोठी डिग्री असलेल्याकडेच जा. सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी थेरपी) करणाराच शोधा. नुसतं गोड बोलणारे पैसे उकळतात.' इंदूरला घरोघरी तो पोचलाय, आणि लोक त्यावर विसंबून माणसं निवडतायत, म्हणून लिहितेय.

अनुभवाचं बघा. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात १७० थेरपिस्टांचे साडेसहा हजारांवर रुग्ण तपासले होते. वर्षं सरत गेली तसे निकाल सुधारले नाहीत, सरासरीने अगदी किंचित का होईना, खालीच आले. मला यात नवल वाटत नाही. गवयाचा सूर हलला तर त्याला तिथल्या तिथे कळतं. इथे रुग्ण निमूटपणे यायचा बंद होतो, आणि चूक कळतच नाही.

डिग्रीचं उत्तर गोव्यातच मिळतं. तिथल्या सरकारी आरोग्य केंद्रांत डिप्रेशनच्या ४९५ रुग्णांवर प्रयोग झाला, २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. मानसोपचाराची कुठलीही पदवी नसलेल्या, पण नीट शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ बैठका घेतल्या. तीन महिन्यांनी त्यांच्या गटातले ६४ टक्के लोक डिप्रेशनमधून बाहेर आले होते, नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत ३९ टक्के.

सीबीटी चांगलीच आहे. पण गोव्यात वापरली ती रोजची कामं हळूहळू पुन्हा सुरू करायला लावणारी पद्धत होती, तीही लागू पडली.

राहिलं 'गोड बोलणं'. २००९ च्या एका अभ्यासात थेरपिस्टांना चिडलेल्या, गप्प बसलेल्या रुग्णांच्या चित्रफिती दाखवून 'आत्ता काय बोलाल?' असं विचारलं. ज्यांनी तो अवघड क्षण नीट सांभाळला, त्यांचेच रुग्ण जास्त सुधारले होते. ही गोडी नव्हे, हे कसब आहे.

माझ्या मावशीच्या बाबतीत मी हे डोळ्यांनी पाहिलं. पहिल्या ठिकाणी ती म्हणाली, "तुम्हाला नाही कळायचं." समोरच्या बाईंनी मान हलवली आणि कागदावरचा पुढचा प्रश्न विचारला. मावशी परत गेली नाही. दुसरीकडे वयाने बरीच लहान मुलगी होती. तेच वाक्य ऐकून तिने पेन खाली ठेवलं. "मावशी, माझं कुठे चुकतंय ते सांगाल?" मावशी बराच वेळ पदराचं टोक पिळत बसली, मग काकांच्या आजारपणाबद्दल पहिल्यांदा बोलली. दर बैठकीच्या सुरुवातीला ती मुलगी झोप, भूक, मन यांबद्दलचे तेच नऊ प्रश्न विचारून आकडे ताडून बघायची, आणि पाचव्या आठवड्यात आकडा हलेना तेव्हा तिनेच मानसोपचारतज्ज्ञांकडे गोळ्यांसाठी पाठवलं.

जीव नकोसा वाटत असेल तर मात्र निवडानिवड करत बसू नका. १४४१६ या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा, आत्ताच.