बारा लाखांचा मामा

मंग्या चिंब भिजून आला. छत्री होती, पण ती डोक्यावर धरायच्या ऐवजी त्याने छातीशी कवटाळली होती, कारण तिच्या घडीत एक गुळगुळीत ब्रोशर होतं.

"ओंकारचं," तो म्हणाला. ओंकार म्हणजे त्याचा भाचा. "एंटरटेनमेंट मॅनेजमेंट. तीन वर्षं. बारा लाख."

आमचा कट्टा म्हणजे टिळक रोडमागच्या गल्लीतल्या एका बंद झेरॉक्सवाल्याच्या चार पायऱ्या. वरच्या पायरीवर अण्णा बसतात, कारण गुडघे. ते नाटकांचे व्यवस्थापक. तारखा, प्लॅन, दौरे, नटांची नाइट म्हणजे दर प्रयोगाचं मानधन, नटांच्या बायकांचे पास, सगळं त्यांच्याकडे. त्यांच्या खाली पक्या, मांडववाला. मग मी. आणि शनिवारी शो नसेल तर स्नेहा, जिला आम्ही 'बारकी' म्हणतो आणि जी आमच्यापैकी सगळ्यात जास्त कमावते.

"बारा लाखांत काय शिकवतात?" पक्याने विचारलं. "मांडवाचे पैसे वेळेवर द्यायला शिकवतात का?"

मंग्याने दुर्लक्ष केलं. मंग्या हिंजवडीत मॅनेजर आहे. तो बोलायला लागला की समोर स्लाइड आहे असं वाटतं. "पक्या, बिग पिक्चर बघ. 2025 च्या मे महिन्यात मुंबईत बीकेसीला वेव्हज झालं की नाही, मनोरंजन उद्योगाची ती मोठी परिषद? क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीची नवी इन्स्टिट्यूट मुंबईत आली. पंतप्रधान स्वतः म्हणाले, कलेतून पैसा, ऑरेंज इकॉनॉमी."

"मग नागपूरला काढायची की," अण्णा म्हणाले.

मंग्याला विनोद कळायला जरा वेळ लागला. तोपर्यंत चहा आला.

अण्णांचं म्हणणं सरळ होतं आणि ते त्यांनी नेहमीप्रमाणे समोरच्या भिंतीकडे बघत सांगितलं. व्यवस्थापन शिकवून येत नाही. ते स्वतः दहावी नापास. बालगंधर्वच्या बुकिंग खिडकीत मामाच्या मांडीला मांडी लावून बसले, निळ्या पेन्सिलीने प्लॅनवर खुर्च्या खोडायला शिकले, कोणाला डी रांगेतली कोपऱ्याची लागते आणि कोण बाल्कनीतच बसणार हे चेहरे बघून ओळखायला लागले. "बारा वर्षं गेली त्यात. ही पोरं तीन वर्षांत काय दिवे लावणार?"

"अण्णा, त्या बारा वर्षांत बुडालात किती वेळा?" स्नेहा म्हणाली.

"चारदा." हे त्यांनी अभिमानाने सांगितलं.

"कशाने?"

"एकदा विदर्भाचा दौरा, कॉन्ट्रॅक्टरने तोंडी शब्द दिला होता. एकदा तिकिटाचा टॅक्स. सीएने सांगितलं मला. नोटीस आल्यावर."

"तोंडी शब्द आणि टॅक्स. आमच्या पहिल्या सेमिस्टरचा दुसरा आणि तिसरा आठवडा." ती हे अजिबात न हसता बोलते, म्हणून जास्त लागतं. "तिकीट पाचशेपर्यंत असेल तर जीएसटी नाही, वर गेलं की 18 टक्के. गाणं वाजवायचं तर रचनेसाठी आयपीआरएसचं लायसन्स, रेकॉर्ड वाजवायची तर पीपीएलचं वेगळं. पोलीस, अग्निशमन. नाटक असेल तर परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र. रात्री दहाला लाउडस्पीकर बंद. सरकार वर्षातून फार तर पंधरा दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं, आणि ते पंधरा कुठले ते आधी बघायचं, मग गायकाची तारीख घ्यायची. लोक उलटं करतात."

दहाचा विषय निघाला की अण्णा सवाईवर जातात. गेले. सवाई गंधर्व, 1953 पासूनचा शास्त्रीय संगीताचा महोत्सव, रात्र-रात्र चालायचा, पहाटे थंडीत घोंगडी, कांद्याची भजी, आणि आता दहाला पडदा. पाच मिनिटं त्यात गेली. आम्ही ऐकून घेतो. त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं तेवढ्यापुरतं त्यांना कुणी अडवत नाही.

"पण हे सगळं इंटरनेटवर फुकट आहे," मंग्या म्हणाला. म्हणजे बघा, आता तो स्वतःच्याच ब्रोशरच्या विरुद्ध बोलत होता. त्याला फक्त वाद पाहिजे असतो. "मी परवाच एक पोस्ट टाकली, 'स्किल्स ओव्हर डिग्रीज'. चारशे लाइक."

"त्यातले दोन आमचे," मी म्हणालो. "तू फोन करून मागितलेले."

मग स्नेहाने सांगितलं ते मी जसं आठवतं तसं लिहितो, कारण त्या संध्याकाळचं खरं बोलणं तेवढंच होतं.

2010 साली पुण्यात वीकेंडर हा संगीत महोत्सव सुरू झाला तेव्हा ती अकरावीत होती. भाऊ घेऊन गेला. भाऊ स्टेजकडे बघत होता आणि ही स्टेजच्या बाजूला वॉकीटॉकी घेऊन पळणाऱ्या एका मुलीकडे. घरी येऊन म्हणाली, मला ते करायचंय. वडील बँकेत, आई शिक्षिका. 'ते' म्हणजे काय हे घरात कुणालाच सांगता येईना. बीकॉम झालं, मग मुंबईत एक वर्षाचा डिप्लोमा. वर्गात शिकवायला दिवसभर नोकरी करणारे लोक संध्याकाळी सातला यायचे, कुणी साउंडवाला, कुणी तिकिटाचं बघणारा, अर्धे जांभया देत. त्यातल्या एकाने पहिल्याच दिवशी पाटीवर काही न लिहिता सांगितलं, शोच्या दिवशी फोनची बॅटरी जाणार हे धरून चाला, चार नंबर हातावर लिहा.

तिने डावा हात पुढे केला आणि मनगटापासून वर कुठे काय लिहायची ते दाखवलं. जनरेटरवाला. अ‍ॅम्ब्युलन्स. चौकीतला हवालदार. आणि गायकाचा ड्रायव्हर.

"गायकाचा नंबर नाही?" मंग्या.

"गायक फोन उचलत नाही. ड्रायव्हर उचलतो."

दोन महिन्यांनी, इंटर्न म्हणून तिसराच शो, एका उघड्या मैदानावर साउंडचेकच्या मध्ये जनसेट खोकला आणि गप्प झाला. डिझेल भरायचं कुणाचं काम यावर दोन मोठी माणसं भांडत होती. फोन सगळ्यांचे बंद किंवा बिझी. हिने हात बघितला, एका पोलिसाचा फोन मागितला, जनरेटरवाल्याला बोलावलं. अठरा मिनिटं. मैदानातल्या लोकांना कळलंही नाही. पण त्या भांडणाऱ्या दोघांपैकी एकाने जाताना तिचं नाव विचारलं. आजपर्यंतची तिची सगळी कामं त्या एका माणसापासून निघाली आहेत, असं ती म्हणते.

"हे तर नशीब झालं," अण्णा म्हणाले.

"नशीबच. पण मी त्या मैदानात उभी कशी होते? मला आत कोणी सोडलं? गळ्यात पास होता कारण कॉलेजने पत्र दिलं होतं." मग ती अण्णांकडे वळली. "तुम्हाला बुकिंगच्या खिडकीत कोणी बसवलं?"

"मामाने."

"झालं तर. तुम्हाला मामा होता. मला नव्हता. माझं कॉलेज हाच माझा मामा. फी घेऊन मिळणारा."

पक्या एवढा हसला की चहा नाकात गेला. अण्णा हसले नाहीत, पण त्यांनी पहिल्यांदा भिंतीवरून नजर काढून तिच्याकडे बघितलं. माझ्या माहितीत हा त्यांचा पराभव मान्य करायचा एकमेव प्रकार आहे.

मंग्याला वाटलं आपण जिंकलो. "म्हणजे घालूया ना बारा लाख?"

"मंगेशदादा, काही कॉलेजं मामा होतात. काही मामा बनवतात."

आता तिने ब्रोशर हातात घेतलं. पहिल्या पानावर ड्रोनने काढलेला गर्दीचा फोटो, दुसऱ्यावर कोट घातलेले सहा जण, तिसऱ्यावर कंपन्यांचे लोगो. "हे लोगो सगळे लावतात. एकदा एखादा इंटर्न दोन दिवस गेला की लोगो." तिने पान उलटलं. "इंटर्नशिप 'ऐच्छिक' लिहिलंय बघ. संपलं. यात जी गोष्ट घेण्यासारखी असते तीच ऐच्छिक ठेवलीय."

मंग्याने शेवटचं अस्त्र काढलं. त्याची चुलत बहीण ऑरलँडोला असते. तिथे सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाच्या रोझेन कॉलेजात एंटरटेनमेंट मॅनेजमेंटची अख्खी पदवी आहे. अमेरिकन लोक काय वेडे आहेत?

"वेडे नाहीत. त्या गावात अजून काय आहे?"

"डिस्ने. युनिव्हर्सल."

"मग? जत्रा तिथे आहे म्हणून कॉलेज तिथे आहे. पोरं सकाळी वर्गात आणि दुपारी पार्कात कामाला. तुझं हे कॉलेज कुठे आहे?"

मंग्याने ब्रोशरचं मागचं पान बघितलं. हायवेच्या पलीकडे, कारखान्यांच्या मधोमध. सर्वांत जवळचं सभागृह म्हणजे एक मंगल कार्यालय.

"तिथे मांडव माझाच असतो," पक्या म्हणाला. "पैसे अजून आलेले नाहीत."

तिचं म्हणणं असं की प्रवेश घ्यायच्या आधी एखाद्या शनिवारी रात्री नऊला कॉलेजवर जाऊन यायचं. शेवटच्या वर्षाची मुलं होस्टेलवर सिनेमा बघत बसलेली दिसली तर परत यायचं. कुठल्यातरी शोच्या गेटवर असायला हवीत ती. फुकट राबवतात तिथेही, हे तिने लपवलं नाही. तिच्या पहिल्या कंपनीने सहा महिने स्टायपेंड म्हणून टी-शर्ट आणि वडापाव दिले. टी-शर्ट तिच्याकडे अजून आहेत, फरशी पुसायला.

"आणि कोल्डप्ले?" मंग्या. या विषयावर त्याची जखम ओली आहे. 2025 च्या जानेवारीत नवी मुंबईला तीन शो झाले, हा सकाळपासून लॅपटॉप उघडून ऑनलाइन रांगेत बसला होता आणि रांगेतला त्याचा नंबर पुण्याच्या पिनकोडएवढा होता.

"तू गाण्याचं बोलतोयस. मला विचार की दहा वाजता गाणं संपल्यावर सगळं स्टेडियम एकदम उठतं, त्यांना नेरूळ स्टेशनपर्यंत चेंगराचेंगरी न होता कसं न्यायचं. नोकरी ती आहे. ब्रोशरमध्ये तिचा फोटो नसतो."

एवढ्यात ओंकार स्वतःच आला. मामाला शोधत, स्कूटरवरून, रेनकोट उलटा घातलेला. सगळे एकदम गप्प झालो, त्यामुळे त्याला कळलं की विषय आपलाच आहे.

अण्णांनी त्याला जवळ बोलावलं. "एकच प्रश्न. रविवार, साडेबाराचा प्रयोग, कोथरूड. धो धो पाऊस. हाउस साठ तिकिटांचं. काय करशील?"

मंग्या म्हणाला, "सोशल मीडियावर फ्लॅश डिस्काउंट..."

"तुला नाही विचारलं."

ओंकारने थोडा विचार केला. "प्रयोग करायचा. मागच्या सगळ्यांना पुढे बोलवायचं. नटांना रिकाम्या खुर्च्या दिसल्या की ते हळू बोलतात."

अण्णा काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पुढच्या रांगेत पाचशे देऊन बसलेत, त्यांना आधी विचारायचं. नाहीतर मध्यंतरात भांडायला येतात. हे तुला कोणी सांगितलं, नटांचं?"

"पुरुषोत्तमला बॅकस्टेज केलंय दोन वर्षं. लाइट्स."

आता 'पुरुषोत्तम' आणि 'लाइट्स' हे दोन शब्द आमच्या कट्ट्यावर एकत्र उच्चारायची बंदी आहे. पण पोराला कसं माहीत असणार? पक्याने आधीच तोंडावर रुमाल धरला होता.

"तुझ्या मामानेही केलंय," स्नेहा गोड आवाजात म्हणाली. ती तेव्हा शाळेतही जात नव्हती, पण तिला सगळं पाठ आहे.

1996. पुरुषोत्तम करंडक, कॉलेजांची एकांकिका स्पर्धा. भरत नाट्य मंदिर, प्राथमिक फेरी. आमची एकांकिका, डिमरवर मंग्या. शेवटचा प्रसंग, नायक आईसमोर गुडघ्यावर, म्हणतो, "आई, मी..." आणि मंग्याने ब्लॅकआउट केला. एक वाक्य आधी. अंधारात नायक तसाच, आई तशीच, आणि बाल्कनीतून कुठल्यातरी दुसऱ्या कॉलेजचा आवाज आला, "आई, मी पडलो!" त्यानंतर सबंध थिएटर 'अरे आव्वाज कुणाचा' ओरडत होतं आणि तो आवाज आमचा नव्हता.

"क्यू चुकीचा लिहिला होता!" मंग्या आजही हेच म्हणतो. "त्या शीटवर..."

"2022 ला परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नाही," अण्णा म्हणाले. "तेव्हाही लाइटला तूच होतास का रे?"

ओंकारला हसू आवरेना. मंग्याने ब्रोशरची सुरळी करून त्याच्या डोक्यात मारली, त्यात पहिल्या पानावरची गर्दी दुमडून गेली. "उद्या साडेअकराला खिडकीवर ये," अण्णांनी पोराला सांगितलं, "पेन्सिल आण, निळी." ओंकारने फोनमध्ये लिहायला सुरुवात केली. स्नेहाने फोन बाजूला केला आणि त्याचा डावा हात पुढे ओढला.

"पण काका," हातावर नंबर लिहून घेता घेता त्याने मला विचारलं, "नायक पुढे म्हणणार काय होता? आई, मी काय?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. कारण तो नायक मी होतो.

मी चहाचे पैसे काढायला खिशात हात घातला. आठवत असतं तर सांगितलं असतं.