कोण बघालंय गा?

आमच्या फॅमिली ग्रुपवर आठवडाभर एकच वाद. भाच्यानं बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका कारखान्याच्या नोकरीच्या फॉर्मवर कन्नड बोलता, वाचता, लिहिता येतं अशा तिन्ही ठिकाणी टिक मारली, पोराला बसची पाटी धड वाचता येत नाही, इंटरव्ह्यूत त्यांनी कन्नडमधलं पत्र पुढ्यात ठेवलं आणि गडी घामाघूम. आता राग कुणावर, तर कारखान्यावर! दादा म्हणतो, "सगळेच मारतात टिक, कोण बघालंय गा?"

2024 च्या जुलैत कर्नाटकात खासगी नोकऱ्यांत स्थानिकांना कोटा द्यायचं बिल आलं होतं, मॅनेजमेंटच्या जागांत 50 टक्के, बाकीच्या जागांत 70. जन्म आणि 15 वर्षांचं वास्तव्य असून भागणार नव्हतं, कन्नडही लिहिता-वाचता यायला पाहिजे. ते लगेच थांबलं, पण तेव्हा याच ग्रुपवर 'आम्ही इथलेच, आमची परीक्षा कसली घेता' म्हणून केवढी बोंब. बरोबरच होती की. मग आता खोटी टिक कशाला?

मी श्टुटगार्टहून लांबलचक मेसेज टाकला, इथं असलं खपत नाही, ट्रामला गेटसुद्धा नाही, लोक आपणहून तिकीट काढतात. दादाचा नुसता अंगठा आला.

तसं इथलं त्सॉयग्निस, म्हणजे नोकरी सोडताना जर्मन कंपनी देते ते प्रशस्तिपत्र, ते तरी काय, 'यांनी प्रयत्न केला' असं लिहिलं की समजायचं, माणूस कामाचा नाही. पण हे गोड खोटं सगळ्यांना वाचता येतं, त्यामुळं ते खोटं नाही, असं आपलं मी म्हणतो.

आणि माझ्या सीव्हीत? 'कन्नड: उत्तम'. 1986 च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात आमचे बाबा होते, घरात कन्नड पुस्तक म्हणजे परीक्षेपुरतं, ती संपली की रद्दीत. गेल्या वर्षी धारवाडची एक मुलगी टीममध्ये आली, बॉस हौसेनं म्हणाला, तुमची भाषा एकच ना! ती भरभर बोलत सुटली आणि मी नुसतं हौदु, हौदु, म्हणजे हो, हो. तिनं चटकन इंग्रजी धरलं. फार सभ्यपणे, तेच जास्त लागलं. कुठला विचारलं की जर्मनांना मी 'गोव्याजवळचा' म्हणून सांगतो, तिला तेही सांगता येईना.

परवा लिंक्डइनवर ते 'उत्तम' बदलायला बसलो. सगळ्यात खालचा पर्याय निवडला. सेव्ह केलं नाही, सध्या आमच्याकडंही माणसं कमी करणं चाललंय.