जळिताचा नमुना हमखास वाया घालवण्याची पद्धत

पोलिसहो, जळिताच्या जागी पोचलात? शाब्बास! आधी बघ्यांना आत फिरू द्या, पंच येतीलच सावकाश.

नमुना जिथं सगळ्यात जास्त जळालंय तिथूनच उचला. पांढरी राख फोटोत छान उठते. रॉकेल तिथून केव्हाच उडालेलं असतं. ते उरतं अर्धवट जळालेल्या गादीच्या घडीत, फरशीच्या सांध्यात, साडीच्या दुमडलेल्या काठात. पण त्यासाठी वाकावं लागतं.

हातमोज्यांचा एकच जोड सगळ्या नमुन्यांना पुरवा. जनरेटरमध्ये पेट्रोलही त्याच हातानं भरा.

आता पिशवी. परवा आमच्या प्रयोगशाळेत आलेला मुद्देमाल किराणाच्या पातळ पिशवीत होता. वर सुतळीची गाठ, गाठीवर लाखेचं सील. सील अगदी शाबूत! आत काय राहणार? साध्या पॉलिथिनमधून पेट्रोल-रॉकेलची वाफ बाहेर जाते आणि शेजारच्या पिशवीत शिरतेही. त्यामुळे रॉकेलचा कॅन आणि संशयिताचे कपडे एकाच पोत्यात कोंबलेत, तर कपड्यांवर नसलेलं रॉकेलही सापडेल, आहे काय नि नाही काय! लागतो तो कोरा, घट्ट दाबझाकणाचा पत्र्याचा डबा, नाहीतर या कामासाठीची नायलॉनची पिशवी. डबा दोन तृतीयांशच भरायचा, कारण प्रयोगशाळेत तो तापवून वरच्या मोकळ्या जागेतली वाफ कोळशाच्या पट्टीवर धरतात. गच्च भरलात तर वाफ साठणार कुठं? शिवाय माती असेल तर फ्रीझर हवा, नाहीतर जिवाणू तेल खातात. तुम्ही मात्र ती उन्हाळाभर मुद्देमाल खोलीत ठेवता!

त्याच गादीचा तेल न लागलेला तुकडा तुलनेसाठी मुळीच पाठवू नका. फोम, गालिचे जळताना स्वतःच टोल्युईन, स्टायरीनसारखी रसायनं सोडतात. ओतलेलं कुठलं नि मूळचं कुठलं, ते ज्योतिषाला विचारू.

पंचनाम्यात ‘रॉकेलचा उग्र वास येत आहे’ एवढं लिहिलं की झालं.

मग अहवाल येतो, ‘रॉकेलचे अंश आढळले नाहीत’. म्हणजे ओतलंच नव्हतं असं नव्हे, पण बचावाचे वकील कोर्टात तेवढंच वाचतात आणि तुम्ही प्रयोगशाळेला शिव्या देता. जळून मेलेल्या बाईची साडी भाजीच्या पिशवीत पाठवताना लाज वाटत नाही? १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७६(३) आलंय, राज्यानं अधिसूचित केलेल्या तारखेपासून सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञानं जागेवर यायचंय. तो येईपर्यंत कशाला हात लावू नका. डबे नसतील तर लेखी मागा, मिळाले नाहीत तर स्टेशन डायरीत नोंदवा. आणि रुग्णालयात कापून काढलेले कपडे कचऱ्यात जाण्याआधी ताब्यात घ्या, आजच्या आज.