मुलाखतीत अवघड प्रश्न नव्हते, या आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

माजी टेनिस विजेत्या ताईंच्या मुलाखतीवर आपण वेळ काढून सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल आभार. आपला आक्षेप थोडक्यात असा आहे की, नागपुरातून पुढे येऊन राज्यपातळीवर अजिंक्यपद मिळवलेल्या बाई समोर बसल्या असताना मी रॅकेट, तारा आणि मातीची कोर्टे यांवरच बोलत राहिलो. संघनिवडीत त्यांना डावलले गेले का, ऐन भरात त्यांनी खेळ का सोडला, आजच्या खेळाडूंपुढे त्या टिकल्या असत्या का, हे मी विचारले नाही आणि त्यामुळे मुलाखतीऐवजी सत्कार झाला, असे आपण म्हणता. हा आक्षेप मला मान्य नाही. पण त्यामागची तळमळ खरी असल्यामुळे कारणे नीट मांडणे मला आवश्यक वाटते.

निवृत्त खेळाडूने आपल्या गाजलेल्या सामन्याची हकीकत बक्षीस समारंभांत, नातेवाइकांत आणि वार्ताहरांपुढे इतक्या वेळा सांगितलेली असते की तिची वाक्ये ठरून गेलेली असतात. भारताचे टेनिसपटू रामनाथन कृष्णन 1960 मध्ये विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत नील फ्रेझरकडून आणि 1961 मध्ये रॉड लेव्हरकडून हरले आणि दोन्ही वेळा त्यांना हरवणाराच पुढे विजेता ठरला, ही माहिती कोणत्याही क्रीडाकोशात मिळते. तेव्हा काय वाटले, असे त्यांना पुन्हा विचारले तर पुन्हा तेच उत्तर मिळेल. गुणफलकावर जे कधी उमटत नाही, म्हणजे चेंडू येत असताना हाताने काय ठरवले, पाय कुठे कमी पडले आणि सरावाला किती वाजता उठावे लागे, ते मात्र फक्त खेळाडूच सांगू शकतो आणि त्याच्याबरोबर ते कायमचे जाते. ताईंशी बोलताना माझा सगळा प्रयत्न तिथे पोहोचण्याचा होता.

रॅकेटवर इतका भर का, असे आपण विचारता. ताईंनी जपून ठेवलेली लाकडी रॅकेट त्यांनी हातात घेतली आणि त्यांचे बोलणेच बदलले. त्या काळच्या लाकडी रॅकेटचा जाळीचा भाग साधारण 65 ते 70 चौरस इंचांचा असे, आज तो 100 चौरस इंचांच्या आसपास असतो. वजन तेव्हा सुमारे 375 ग्रॅम आणि आज सुमारे 300 ग्रॅम. एवढ्या लहान जाळीच्या नेमक्या मधोमध चेंडू बसला नाही तर फटक्यातला जीव जाई, म्हणून ताकदीपेक्षा वेळ साधण्याला आणि चेंडू हळुवार टाकण्याला महत्त्व आले. त्यात नागपूरची हवा. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जाणार आणि जुलैपासून दमट हवेत लाकूड वाकणार, म्हणून खेळ संपताच रॅकेट चार स्क्रूंच्या चौकटीत आवळून ठेवावी लागे. जनावरांच्या आतड्यापासून केलेल्या तारा पावसाळ्यात ओल धरून सैल पडत. उन्हाळ्यातला खोल जाणारा फटका ऑगस्टमध्ये कुठे पडेल याचा भरवसा नसे, म्हणून त्या वर्षाच्या दोन हंगामांत दोन तऱ्हांनी खेळायला शिकल्या. पहाटे कोर्टावर पाणी मारून, रोलर फिरवून आणि चुन्याच्या रेषा आखून ऊन चढण्याआधी सराव उरकणे, हा तर रोजचा नेम होता. हे सारे काढून टाकले तर त्यांच्या खेळाचे वर्णन करायला उरते काय?

आता खेळ सोडण्याबद्दल. हा प्रश्न मी विचारला नाही, असे आपण लिहिता. पण त्याचे उत्तर मुलाखतीत आहे आणि ते तारांच्याच भागात आहे. चांगल्या प्रतीची आतड्याची तार महाग असल्यामुळे ती फक्त स्पर्धेसाठी राखून ठेवली जाई आणि सरावाला नायलॉनची तार वापरली जाई, हे सांगता सांगता त्या घराच्या हिशेबावर आल्या. मुलगा बाहेरगावच्या स्पर्धेला एकटा जाऊ शके. मुलीबरोबर कोणीतरी वडीलधारे माणूस हवे, म्हणजे भाडे दोघांचे आणि मुक्कामाचा खर्चही दोघांचा. तो खर्च कोणतीही संघटना देत नसे. मागच्या बहिणीचे लग्न ठरले त्या वर्षी तारा बदलल्या गेल्या नाहीत आणि त्यानंतर त्या बाहेरगावी खेळल्या नाहीत. खेळ का सोडलात, असे थेट विचारले असते तर संसारामुळे, एवढेच उत्तर मिळाले असते आणि ते अपुरे ठरले असते. या काळात स्त्रियांसाठी वाट किती अरुंद होती, हे पुढील दोन नोंदींवरून दिसते. 1971 मध्ये निरुपमा मंकड आनंद अमृतराज यांच्यासह विम्बल्डनच्या मिश्र दुहेरीत खेळल्या. आणि खुल्या युगात, म्हणजे व्यावसायिक खेळाडूंनाही प्रवेश मिळू लागल्यानंतर, भारतीय स्त्रीने ग्रँड स्लॅमच्या, म्हणजे टेनिसच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एकीच्या, मुख्य फेरीत एकेरीचा सामना जिंकायला 1998 उजाडले, जेव्हा निरुपमा वैद्यनाथन यांनी ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये ते करून दाखवले.

निवडीच्या वादाबाबत मात्र मी जाणीवपूर्वक थांबलो. ताईंनी काही नावे घेतली, ती मी छापली नाहीत. ती माणसे आज हयात नाहीत, बैठकीचा कागद उपलब्ध नाही आणि ताई स्वतः त्या बैठकीत नव्हत्या. यादीत आपले नाव नाही, एवढेच त्यांना ठाऊक होते. ज्याने निर्णय घेतला नाही त्याला त्या निर्णयाबद्दल विचारले की हाती फक्त भावना लागते. 1974 मध्ये भारताने पुण्यात सोव्हिएत संघाला हरवून डेव्हिस चषकाची, म्हणजे देशांच्या पुरुष संघांमधील टेनिस स्पर्धेची, अंतिम फेरी गाठली आणि वर्णद्वेषी राजवटीच्या निषेधार्थ दक्षिण आफ्रिकेविरुद्ध खेळायला नकार दिला. तो नकार खेळाडूंनी ठरवलेला नव्हता, तरी खंत वाटते का, हा प्रश्न मात्र पुढे त्यांनाच विचारला गेला. ऐंशीच्या घरातल्या बाईंकडून मृत माणसांवर एकतर्फी आरोप वदवून घेणे याला मी धाडस मानत नाही, आणि तो आरोप खरा निघाला तरी माझे मत हेच राहील.

आजच्या खेळाडूंशी तुलना मला निरर्थक वाटते. 1974 पर्यंत चारपैकी तीन ग्रँड स्लॅम स्पर्धा गवतावर होत. आज एकटे विम्बल्डन उरले आहे. गवतावर चेंडू खाली राहतो आणि घसरतो, म्हणून लाकडी रॅकेटचा तो खेळ तिथे शोभे. सानिया मिर्झा यांचा फोरहँड आजच्या रॅकेटशिवाय आणि हार्ड कोर्टशिवाय, म्हणजे कठीण पृष्ठभागाच्या कोर्टाशिवाय, कल्पिता येत नाही. दोघींना एका कोर्टावर उभे करायचे तर आधी रॅकेट कोणाची आणि जमीन कोणती हे ठरवावे लागेल, आणि ते ठरवतानाच निकाल लागून जाईल.

ताईंचे प्रत्येक वाक्य मी तपासल्याशिवाय उतरवले, असा आपला समज झालेला दिसतो. तो तेवढा दुरुस्त करावासा वाटतो. विम्बल्डनमध्ये टायब्रेकर, म्हणजे सेटमध्ये बरोबरी झाल्यावर निकाल लावणारा जादा गेम, आला तेव्हापासून तो 6-6 अशा बरोबरीवरच होता, असे त्या म्हणाल्या. प्रत्यक्षात 1971 मध्ये तो 8-8 वर लागू झाला आणि 6-6 वर 1979 पासून आला; ही नोंद मुलाखतीत त्यांच्या संमतीने दिलेली आहे. ज्या सामन्यांचे गुण कुठे पडताळता आले नाहीत, ते मी गाळले आहेत.

आपले काका त्याच वर्षांत नागपुरात खेळत असत, असे आपण ओघात लिहिले आहे. त्यांच्याकडे ‘हितवाद’ किंवा ‘तरुण भारत’मधली क्रीडापानांची कात्रणे, स्पर्धांचे छापील कार्यक्रम किंवा टेनिस संघाची पत्रे असतील तर ती मला अवश्य दाखवावीत. ताई दिवाळीनंतर पुन्हा बसायला तयार आहेत. निवडीचा एखादा लेखी पुरावा हाती आला तर तो कागद त्यांच्यापुढे ठेवून मी आपलाच प्रश्न आपल्याच शब्दांत विचारीन आणि जे उत्तर मिळेल ते जसेच्या तसे छापीन.